घराआधी उताऱ्यावर नाव

अगं, घर बांधायचं मनात आलं की आपण बायका आधी ओटा कुठे, देवघर कुठे, मोरी कोणत्या कोपऱ्यात हेच ठरवायला बसतो. ठरव, खुशाल ठरव. पण घरकुल मिळवायचं तर त्याआधी दोन गोष्टी हव्यात: यादीत नाव आणि पायाखाली जागा. या दोन्हींच्या कागदावर तुझंही नाव हवं, एवढंच मला आज तुला मनापासून सांगायचंय. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आधी यादीचं बघ. खेड्यात पंतप्रधान आवास योजनेचं घर मिळायचं तर ग्रामसभेने मान्य केलेल्या यादीत नाव लागतं. गावात सगळे ‘ड यादी’ म्हणतात ना, ती २०१८च्या सुमारास झालेल्या पाहणीची. त्यानंतर ‘आवास प्लस २०२४’ची नवी पाहणी झाली. तुझं नाव कुठल्या यादीत आहे आणि कितव्या क्रमांकावर आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन स्वतः वाच. कुणी तोंडी सांगितलं म्हणून निश्चिंत राहू नकोस. आधार, बँक पासबुक आणि रोजगार हमीचं जॉब कार्ड या तिन्हींवर नाव एकसारखं आहे ना, तेही बघ. माहेरचं आडनाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, एवढ्यावरून बायकांचे हप्ते अडकतात.

‘आमच्या दारात मोटारसायकल आहे, आम्हाला कुठलं घरकुल’ असं तुझ्या सासूबाई म्हणत होत्या. त्यांना सांग, तो नियम गेला. दुचाकी किंवा फ्रिज असला तरी आता नाव कापत नाहीत. घरातल्या कुणाची कमाई महिन्याला १०,०००च्या वर असेल तर पूर्वी नाव वगळायचे, ती मर्यादा १५,००० झाली. चारचाकी, सरकारी नोकरी, आयकर, अडीच एकर किंवा त्याहून जास्त बागायत, पाच एकर किंवा त्याहून जास्त जिरायत, असं काही असेल तर मात्र नाव बसत नाही. हे सगळं माहीत असलं की तुला कुणी चार शब्दांत परत पाठवू शकत नाही.

आणि ग्रामसभेला जा गं. आपल्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा ठेवलेली आहे. कितीतरी गावांत ती नुसत्या सह्यांवर उरकतात, कारण आपणच जात नाही. बचत गटातल्या चौघींना बरोबर घे, समोर बस आणि विचार: ‘घरकुलाची यादी वाचून दाखवा. कुणाचं नाव का वगळलं ते सांगा.’ विचारलेलं इतिवृत्तात लिहून घ्यायला लाव. एकटीने विचारलं तर आवाज दबतो, पाचजणींनी विचारलं की यादी वाचावीच लागते. बेघर बाई, एकटी बाई, कुडाच्या घरात राहणारी म्हातारी, यांची नावं वर असायला हवीत. आपलं नाव बघताना त्यांचंही बघ. हे मी तुझ्याकडून हक्काने मागते.

आता जागा. घरकुल मंजूर झालं तरी बांधायला स्वतःची जागा लागते, आणि इथेच अनेकजणी अडतात. गावठाणातल्या जागेचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो आजच काढ. जागा आजेसासऱ्यांच्या नावावर असेल तर वारसनोंदीला वेळ लागतो, म्हणून हे काम मंजुरीची वाट न बघता सुरू कर. ड्रोनने गावठाणं मोजायची स्वामित्व योजना तुमच्या गावात झाली असेल तर मिळकत पत्रिकाही मिळेल, ती घेऊन ठेव. आणि अजिबातच जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तीत ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पूर्वी ५०,००० रुपये मिळायचे, ते आता एक लाखापर्यंत केलेत. पंचायत समितीत जाऊन याच नावाने विचार.

पैशांचा हिशेब नीट समजून घे, कारण घरकुलं अर्धवट राहतात ती इथेच. मैदानी भागात घराला १,२०,००० रुपये मिळतात, डोंगरी भागात १,३०,०००. त्याशिवाय स्वतःच्याच घरावर राबल्याची रोजगार हमीची मजुरी मिळते, मैदानी भागात ९० दिवसांची, डोंगरी भागात ९५. २०२५-२६चा दर ३१२ रुपये होता, म्हणजे ९० दिवसांचे २८,००० झाले. शौचालयाचे १२,००० वेगळे. २०२५ मध्ये राज्याने योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना आणखी ५०,००० जाहीर केले. त्यातले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांना. सगळं मिळून बांधकामासाठी हातात येतात जेमतेम १,९५,०००. याच्यावर पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते, तिची चौकशी तहसील कार्यालयात कर. हजेरीपट आपोआप निघत नाही, रोजगार सेवकाकडे काम मागून तो काढून घ्यावा लागतो. मजुरीचे हे पैसे मागायचं राहून गेल्यामुळे आमच्या गटातल्या कितीजणींच्या घराचा गिलावा राहिला.

एवढ्या पैशांत काय उभं राहतं? योजनेत किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. तेवढंच आधी पूर्ण कर. लोक काय करतात, चार खोल्यांचा जोता घालतात, लेंटलपर्यंत भिंती येतात आणि पैसे संपतात. मग दोन-दोन पावसाळे घर तसंच उघडं. हप्ते कामाच्या टप्प्यावर मिळतात. जोता झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, आणि तो फोटो जागेच्या खुणेसकट अ‍ॅपवर चढला की पुढचा हप्ता. म्हणजे मोठं घर काढलंस तर टप्पा गाठायलाच उशीर, आणि टप्पा नाही तर पैसा नाही. दोन खोल्या नीट बांध. पुढे वाढवायची असेल तर एका बाजूला जागा सोड आणि कॉलम तसे आधीच घे. सावकाराकडे जायची वेळ आणू नकोस. लाभार्थीला ७०,००० रुपयांपर्यंत बँकेचं कर्ज घ्यायची सोय योजनेतच आहे, आणि आपला गट आहेच.

त्यातही तीन गोष्टींत काटकसर करू नकोस, बाळा. न्हाणीघराला दार, चुलीच्या नाहीतर गॅसच्या वर खिडकी, आणि जोत्याची उंची. पावसाचं पाणी घरात शिरलं की सगळ्यात आधी आपलं धान्य भिजतं. रंग दिवाळीला देता येईल. जोता पुन्हा उचलता येत नाही.

आता नावाचं. हे वाचताना जावईबापूंनाही शेजारी बसवून वाच, कारण यात त्यांच्याविरुद्ध काहीच नाही. पंतप्रधान आवास योजनेचा नियमच असा आहे की घर बायकोच्या नावावर किंवा नवराबायकोच्या जोडनावावर द्यायचं. मंजुरीचं पत्र दोघांच्या नावाने निघतं, पण नमुना ८ वर मात्र एकट्या पुरुषाचं नाव राहून जातं, आणि घराचा रोजचा पुरावा तर तोच उतारा. म्हणून घर पूर्ण झालं की दोघांच्या सहीचा अर्ज दे आणि उताऱ्यावर दोघांची नोंद करून घे. आपल्या आईने तीस वर्षं भिंती सारवल्या, शाकारणी केली, दर पावसाळ्याआधी जमीन चोपली. त्या घराच्या कुठल्याच कागदावर तिचं नाव नव्हतं. बाबा गेल्यावर तिला घरात राहायला कुणी अडवलं नाही, पण निर्णयाच्या बैठकीत तिला कुणी विचारलंही नाही. तुझ्या बाबतीत तसं मला व्हायला नको आहे. नाव असलं की कर्जाला आधार होतो, भांडणात पाय रोवून उभं राहता येतं आणि मुलींना घरातच शिकायला मिळतं की घर आईचंही असतं.

तुझ्या नणंदेला हे सगळं शहराच्या हिशेबाने सांग. तिचा अर्ज नगरपरिषदेत. १ सप्टेंबर २०२४ पासून शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा चालू आहे. स्वतःची जागा असेल आणि वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर बांधकामाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको आणि गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. फ्लॅट घेणार असेल तर व्याज अनुदानाचा भाग तिच्यासाठी आहे. उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. त्यातल्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के अनुदान, जास्तीत जास्त १,८०,०००, पाच वार्षिक हप्त्यांत. फक्त बायकांच्या नावावर घराची खरेदी केली तर २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. वीस लाखांच्या घरावर ते वीस हजार होतात, स्वयंपाकघराचा खर्च निघतो त्यात. नवराबायकोच्या जोडनावाला मात्र ही सूट लागू नाही, हे आधीच घरात बोलून घ्या. म्हाडाच्या सोडतीचा अर्जही भर म्हणावं. तो ऑनलाइनच भरायचा असतो, म्हाडाने कुणीही दलाल नेमलेला नाही आणि नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत मिळते.

ज्यांचं घर आहे पण पडझड झालीय, त्यांनाही रिकाम्या हाती बसायची गरज नाही. शौचालय नसेल तर स्वच्छ भारतचं अनुदान, नळ नसेल तर जल जीवन, आणि विजेचं बिल जड होत असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली सूर्यघर योजना. एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये केंद्र देतं. स्लॅब मजबूत आहे ना, एवढं आधी गवंड्याकडून बघून घ्यायचं. अनुसूचित जातींसाठी आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास, अशी राज्याची वेगळी घरकुलंही आहेत. तुझ्या गटात कोणासाठी काय बसतं ते वहीत लिहून काढ.

शेवटचं आणि महत्त्वाचं. मंजुरीसाठी, हप्त्यासाठी, फोटो काढण्यासाठी कुणाला एक रुपयाही द्यायचा नाही. हप्ता थेट तुझ्या खात्यावर येतो, मधल्या माणसाच्या हाताने येत नाही. कुणी मागितले तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार कर. कुठलाही अर्ज दिलास की पोच घे, शिक्का आणि तारखेसकट. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचार, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि एक प्लास्टिकची पिशवी कर. उतारा, पोच, जॉब कार्ड, मंजुरीचं पत्र, सगळं त्यात. पिशवी तुझ्या ताब्यात राहू दे.

या सोमवारी नमुना ८ काढ, मंगळवारी यादी वाच, आणि पुढच्या महिला ग्रामसभेची तारीख ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून मला कळव. कुठे अडलीस तर फोन कर, मी येईन, दोघी मिळून जाऊ. घर तुझ्या कष्टांचं होणारच आहे, उताऱ्यावरही ते तुझं झालेलं मला बघायचंय.