भंगारातला शेपर घरी आणावा का?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतून निवृत्त झालेला टर्नर. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा लहान लेथ आहे. उद्यमनगरात एक जुना बारा इंची शेपर भंगाराच्या भावात निघालाय. इंग्लंडात छोट्या वाफेच्या इंजिनाचे कच्चे ओतीव भाग पेटीतून विकत मिळतात आणि हौशी लोक घरीच मशिनिंग करून चालतं इंजिन उभं करतात, असं वाचलं. आपल्याकडे हे जमेल का? पोरगा म्हणतो, ‘ते धूड कशाला आणताय, कास्टिंग व्हीएमसीवर टाकून आणू की.’ तुमचं मत काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पोराचं म्हणणं कारखान्यात शंभर टक्के बरोबर आहे, तुमच्या शेडमध्ये नाही. का, ते आधी हिशेबानं पाहू.

समजा, इंजिनाच्या बैठकीचा 125 मिमी लांब आणि 100 मिमी रुंद पृष्ठभाग सपाट करायचा आहे. टूल मागेपुढे थोडं बाहेर जायला हवं, म्हणून स्ट्रोक 150 मिमी धरा. बिडाला एचएसएस टूलनं मिनिटाला 18 मीटरचा वेग ठेवला, तर शेपरचे मिनिटाला सत्तरेक स्ट्रोक होतात. दर स्ट्रोकला 0.3 मिमी फीड दिला, की 100 मिमी रुंदी पार करायला सुमारे 330 स्ट्रोक, म्हणजे जेमतेम पाच मिनिटं. दोन रफ आणि एक फिनिश असे तीन कट घेतले तरी पाव तास. व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, हेच काम काही मिनिटांत उरकेल, हे खरं. पण वेडंवाकडं कास्टिंग टेबलावर नीट बांधायला दोन्हीकडे तेवढाच वेळ जातो, आणि तो कट घेण्यापेक्षा जास्त असतो. पाचशे नग काढायचे असतील तर वाचलेली मिनिटं पैसा देतात. एकच नग करायचा असेल तर ती कोणाच्याच कामाची नाहीत.

शेपर म्हणजे लोखंडाचा रंधा. टूल एकच, एका टोकाचं. रॅम ते पुढं ढकलतो, जॉबवरून एक पट्टी किसून निघते, परत येताना क्लॅपर टूलला किंचित उचलू देतो, तेवढ्यात टेबल एक पाऊल बाजूला सरकतं. स्कॉटिश इंजिनिअर जेम्स नॅस्मिथनं 1836 साली हे यंत्र आणलं. परतीचा स्ट्रोक रिकामा जातो, म्हणून बुल गिअर आणि खाचेच्या दांड्याची अशी रचना केली, की रॅम पुढं सावकाश जातो आणि मागं भरकन येतो. दोन्ही वेळांचं प्रमाण साधारण तीनास दोन. तरीही रिकामी फेरी ती रिकामीच. मिलिंग मशीन स्वस्त झालं तशी कारखान्यांनी शेपरला रजा दिली. आयटीआयच्या मशिनिस्ट ट्रेडमध्ये शेपर गिरवलेली पिढी आता तुमच्याबरोबरच निवृत्त होत आहे.

घरात मात्र त्याच्या जमेच्या बाजू दिसतात. मिलिंग कटर बोथट झाला तर धार लावायला बाहेर पाठवावा लागतो. शेपरचं टूल तुम्ही लेथच्या टूलसारखं ग्राइंडरवर स्वतः घासता. गोलाई हवी, खाच हवी, डव्हटेल हवा, तर त्या आकाराचं टूल घासा आणि लावा. बिडाच्या वरच्या थरातल्या वाळूनं धार गेली, तरी नुकसान एका बिटच्या टोकाचं.

आता पेटीचं. स्टुअर्ट टर्नर या इंग्रज कंपनीची स्थापना 1906 ची. थेम्सकाठच्या हेन्ली गावातून तिनं अशा कच्च्या कास्टिंगचे संच आणि ड्रॉइंग विकली. तिचं ‘नंबर 10’ हे इंजिन जगभरच्या हौशी लोकांनी केलं आहे. त्याचा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही पाऊण इंच. संच आजही मिळतात. पण बीड जड, त्यावर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी. आणि कोल्हापुरात राहून इंग्लंडातून ओतीव लोखंड मागवायचं, हे जरा उलटंच नाही का?

उसाच्या चरकांचे आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचे भाग दुरुस्त करता करता या शहराचं ओतकाम वाढलं. उद्यमनगर त्यातून उभं राहिलं. जुन्या पिढीतले कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव तिथं आजही आदरानं घेतात. पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत फौंड्र्या पसरल्या. मिरज-पुणे लोहमार्गावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, तीही लोखंडी नांगर आणि ओतकामाच्या जोरावरच. पॅटर्न करणारा सुतार, मोल्डर, फेटलिंगवाला आणि भट्टी हे सगळं ज्या गावात दुचाकीवरून गाठता येतं, त्या गावात पेटीची गरज नाही.

तुम्ही एवढंच करा. ड्रॉइंगवरून सागवानी लाकडाचे पॅटर्न करून घ्या. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा हवा. जिथं मशिनिंग होणार तिथं तीन मिमी जादा माल ठेवा. पॅटर्न वाळूतून निघताना साचा मोडू नये म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्या. एका इंजिनासाठी कोणी भट्टी लावणार नाही. ओळखीच्या मोल्डरला सांगून चालू मालाबरोबर तुमची एखादी साच्याची पेटी भरून घ्या. आणि तीन मित्र मिळून चार संच ओतून घ्या. पॅटर्नचा खर्च वाटला जातो, शिवाय एखादं कास्टिंग फुगा धरून बाद झालं तरी हाताशी दुसरं असतं.

कास्टिंग हाती आलं की खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो मशीनचा नाही. बारवर काम करताना तुम्हाला गोल, सरळ माल मिळायचा. कास्टिंगला एकही बाजू सरळ नसते. मग मोजायचं कुठून? पहिली बाजू कोणती घ्यायची, हे ठरवण्यातच निम्मी कारागिरी आहे.

कास्टिंगवर खडू किंवा चुना फासून ते सरफेस प्लेटवर तीन टेकूंवर ठेवा. चार टेकू दिले तर ते डुगडुगतं. तीनवर नेहमी बसतं. हाइट गेजनं रेषा मारा आणि प्रत्येक ठिकाणी पुरेसा माल आहे ना, ते बघा. एकीकडे तीन मिमी जास्त आणि दुसरीकडे शून्य, असं आढळलं तर टेकू कमीजास्त करून फरक वाटून घ्या. बैठकीच्या बाबतीत ती उलटी ठेवायची, कडेची न घासली जाणारी पट्टी समपातळीत आणायची आणि तळ आधी काढायचा. म्हणजे तयार इंजिनात ती पट्टी एका बाजूला जाड नि दुसऱ्या बाजूला पातळ दिसत नाही. सिलिंडरचं उलट. त्याचा पाया म्हणजे बोअर. तो आधी लेथवर करा, त्यात मँड्रेल बसवा, मँड्रेल व्ही-ब्लॉकवर बांधा आणि मग शेपरवर स्टीम चेस्टची बाजू बोअरला समांतर काढा.

पहिला कट भीत भीत घेऊ नका. वरच्या थरात भाजलेली वाळू असते आणि तो कडकही असतो. टूल त्या थरात घासत राहिलं तर दहा मिनिटांत बोथट होतं. एक-दीड मिमी खोल घ्या, म्हणजे टूलचं टोक थराखालच्या मऊ बिडात चालेल. तेल-पाणी नको, बिडातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं. टूल जिथून बाहेर पडतं ती कड तुटते, म्हणून तिथं आधी फाइल मारून उतार द्या.

तळ निघाला की तो वाइसच्या स्थिर जबड्याला लावा, आणि सरकत्या जबड्याच्या बाजूला जॉबच्या मध्यावर एक गोल सळई अडकवा. सळई नसेल तर कास्टिंगची ओबडधोबड पाठ जॉबला वाकडं ढकलते. सळई असेल तर तयार बाजू स्थिर जबड्याला चिकटून राहते आणि दुसरी बाजू आपोआप गुण्यात येते. उभा कट घेताना क्लॅपर बॉक्सचा वरचा भाग कापायच्या पृष्ठभागापासून दूर कलवा, नाहीतर परतीच्या स्ट्रोकला टूल जॉबमध्ये घुसतं. सगळ्या बाजूंचे रफ कट आधी घ्या, जॉब सोडा, काही दिवस तसाच राहू द्या. वरचा थर गेल्यावर आतले ताण मोकळे होऊन बीड किंचित वाकतं. ते वाकून झाल्यावर फिनिश कट घ्या.

बेअरिंगच्या बैठका आणि गाइडचे सपाट भाग शेपरवर होतील. फ्लायव्हीलमधली चावीची खाचही होईल. लांब बारला टूल लावून, क्लॅपर घट्ट बांधून. फ्लायव्हीलचं टर्निंग आणि झाकणं तुमच्या लेथवर. आणि इंजिन तयार झाल्यावर बॉयलरच्या भानगडीत पडू नका. कॉम्प्रेसरच्या एक-दोन बार हवेवर ते छान फिरतं.

प्रश्न : यंत्रमागाच्या एका लहान बिडाच्या भागाला कट घेताना टूल मध्येच घसरतं, तिथं काचेसारखी चमक येते. टूल बदलूनही तेच. कारण काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ती जागा ‘चिल’ झाली आहे. पातळ भाग किंवा कोपरा साच्यात झटकन थंड झाला, की कार्बनला ग्राफाइट होऊन बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो लोखंडाशी जोडून कार्बाइड होतो आणि तिथं पांढरं, अतिकडक बीड तयार होतं. त्यावर एचएसएस टूल चालत नाही. भाग भट्टीत लालभडक, म्हणजे सुमारे 900 अंश सेल्सियसला काही वेळ ठेवून भट्टीतच सावकाश थंड होऊ द्या. बहुतेक वेळा तो मऊ येतो. पुढच्या ओतकामाच्या वेळी मोल्डरला सांगा, पातळ कोपऱ्याला गोलाई द्या आणि साचा लवकर फोडू नका.

प्रश्न : जुना शेपर घेताना काय तपासावं? घरी सिंगल फेज वीज आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : रंग बघू नका. क्लॅपर बोटानं उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनानं खाली बसला पाहिजे, पण आडवा हलता कामा नये. रॅम पूर्ण पुढं आणून त्याच्या टोकाला डायल लावा आणि पहारीनं हलका उचलून बघा. गिब आवळून खेळ गेला तर ठीक; टोकाला घट्ट आणि मध्ये सैल लागत असेल तर स्लाइड झिजली आहे. मशीन चालवून प्रत्येक स्ट्रोकच्या टोकाला ठोका ऐकू येतो का पाहा. येत असेल तर आतल्या दांड्याचा बुश किंवा पिन गेली आहे, हे करून घेता येतं. बुल गिअरचे दात मात्र तुटलेले नसावेत. टेबलावर खड्डे असतील तर घाबरू नका. शेपर स्वतःच्याच टूलनं स्वतःचं टेबल सरळ करून घेऊ शकतो.

मोटर बहुधा थ्री फेज असेल. लहान मशीनला एक-दोन हॉर्सपॉवर पुरते. सिंगल फेजवर चालणारी व्हीएफडी लावा, किंवा मोटरच बदला. काम वायरमनकडूनच करून घ्या. मशीन भिंतीला चिकटवू नका. रॅम मागच्या बाजूलाही तेवढाच बाहेर येतो, आणि भिंत आणि रॅम यांच्यामध्ये माणूस सापडला तर सुटका नाही. मागं लोखंडी जाळी बसवा, पट्ट्याला गार्ड लावा, चष्मा घाला, आणि मशीन चालू असताना जॉबवरचा कीस हातानं झाडू नका.

प्रश्न : मी आयटीआयला आहे. आमचे सर म्हणतात, शेपर शिकून आता नोकरी मिळत नाही. मग हे शिकण्यात अर्थ काय?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सर बरोबर सांगतात; नोकरीसाठी सीएनसी शिका. पण व्हीएमसीचा प्रोग्राम लिहिण्याआधी जॉबची शून्य बाजू कोणती, हे माणसालाच ठरवावं लागतं. कास्टिंग कुठं टेकवायचं, कुठून आवळायचं, ते वाकेल कसं, हे मशीन सांगत नाही. शेपर संथ आहे म्हणून चूक होताना दिसते आणि स्ट्रोकच्या मध्ये ती थांबवता येते. ही समज पुढं प्रत्येक मशीनवर उपयोगी पडते.

कोल्हापूरला घरातून यंत्र घडवण्याची सवय जुनी आहे. बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी 1918 साली याच शहरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, आणि 1920 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. बाबूराव चित्रकार होते, कारखानदार नव्हते. यंत्र उघडून समजून घ्यायचं आणि आपल्या हातानं पुन्हा करायचं, एवढंच त्यांचं भांडवल.

तेव्हा राजारामपुरीच्या वाचकांना शेवटचं सांगणं : क्लॅपर आणि रॅम तपासा; ठीक असतील तर शेपर घ्या. इंजिनाला हात लावण्याआधी त्यावर बिडाची एक अँगल प्लेट करा. तिच्या दोन बाजू गुण्यात आल्या, तर इंजिनाचं काम हातात घ्यायला तुम्ही तयार आहात. आणि पॅटर्न टाकून देऊ नका. चार संच ओतून उरलेला एक गडहिंग्लजच्या या विद्यार्थ्यासारख्या एखाद्या पोराला द्या.