राष्ट्राच्या पायाभरणीत आपला वाटा



काही दिवसांपूर्वी दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "फादर, हा देश उभा राहिला तेव्हा आपण ख्रिस्ती लोक कुठे होतो?" शाळेत कुणीतरी त्याला डिवचले असावे. मी त्याला दोन-तीन नावे सांगितली आणि त्याचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. केवळ नावांची यादी हे या प्रश्नाचे खरे उत्तर नव्हे. त्या व्यक्तींनी तेथे काय मागितले आणि काय सोडले, हे समजून घेतले पाहिजे.

प्रश्न नीट मांडू या

राष्ट्राच्या पायात श्रद्धा असते, असे आपण म्हणतो तेव्हा त्याचे दोन अर्थ संभवतात. पहिला अर्थ असा, की राष्ट्राच्या दारावर एखाद्या धर्माचे नाव कोरलेले असावे. दुसरा असा, की राष्ट्र घडवणाऱ्या माणसांच्या विवेकबुद्धीत श्रद्धेने काम केलेले असावे. आपल्या देशाने पहिला मार्ग जाणूनबुजून नाकारला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी घटना समितीत अशी सूचना मांडली, की राज्यघटनेची उद्देशिका ईश्वराच्या नावाने सुरू व्हावी. मतदान झाले. सूचनेच्या बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. विरोध करणारे सगळेच नास्तिक होते असे नाही. श्रद्धा ही अंतःकरणाची बाब आहे, ती दुसऱ्यावर लादू नये, असे पंडित हृदयनाथ कुंझरू यांचे म्हणणे होते. म्हणून आपल्या वाट्याचा शोध दुसऱ्या अर्थानेच घ्यायला हवा.

घटना समितीतील ख्रिस्ती सभासद

९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीचे पहिले अधिवेशन सुरू झाले. समितीचे उपाध्यक्ष म्हणून जानेवारी १९४७ मध्ये डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी यांची निवड झाली. ते बंगाली ख्रिस्ती, इंग्रजीचे प्राध्यापक आणि पुढे पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. मद्रास प्रांतातून फादर जेरोम डिसोजा हे मंगळूरचे येशूसंघीय धर्मगुरू आले होते. आपल्या मुंबई प्रांतातून जोसेफ अल्बन डिसोजा होते. राजकुमारी अमृत कौर यांचे घराणेही ख्रिस्ती होते. त्या पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या.

अमृत कौर यांची एक भूमिका आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. धर्माचरणाला सरसकट मोकळीक दिली, तर देवदासी आणि पडदा यांसारख्या प्रथांनाही धर्माच्या नावाखाली संरक्षण मिळेल, अशी भीती त्यांनी हंसाबेन मेहता यांच्यासह व्यक्त केली. समाजसुधारणेचे कायदे करण्याचा राज्याचा अधिकार पंचविसाव्या अनुच्छेदात राखून ठेवलेला आहे. धर्मावर प्रेम असणारी व्यक्तीच धर्माच्या नावाने होणाऱ्या अन्यायाकडे डोळसपणे पाहू शकते, हे त्यांच्याकडून शिकावे.

जे मागितले

ख्रिस्ती सभासदांचा सर्वांत मोठा आग्रह एका शब्दासाठी होता. तो शब्द म्हणजे 'प्रसार'. मूलभूत हक्कांच्या मसुद्यात आधी धर्म मानण्याचे आणि आचरण्याचे स्वातंत्र्य होते. अल्पसंख्याक उपसमितीत एम. रत्नस्वामी यांच्यासारख्यांनी प्रसाराचा मुद्दा लावून धरला. ६ डिसेंबर १९४८ रोजी सभागृहात या शब्दावर जोरदार चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांनी कडाडून विरोध केला. तेव्हा या शब्दाची पाठराखण हिंदू सभासदांनीही केली, हे आपण विसरता कामा नये. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सांगितले, की आपण चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपले धर्मांतर करण्याचा कोणी प्रयत्न केला नाही. मिशनच्या शाळांतील कितीतरी अनाम शिक्षकांच्या सचोटीची साक्ष त्या दिवशी सभागृहात दिली गेली!

हा हक्क एकट्या ख्रिस्ती लोकांना मिळालेला नाही, तो सर्व व्यक्तींना आहे. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही.

जे सोडले

आता दुसरी बाजू. इंग्रजांच्या काळात भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी विभक्त मतदारसंघ होते. ऑगस्ट १९४७ मध्ये घटना समितीने ते बंद केले, परंतु राखीव जागा ठेवण्याचे मान्य केले. केंद्रात, तसेच मद्रास आणि मुंबई प्रांतांत ख्रिस्ती समाजाला अशा जागा मिळणार होत्या. म्हणजे आपल्याच आजोबा-पणजोबांसाठी हे संरक्षण होते.

मे १९४९ मध्ये सल्लागार समितीपुढे धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव आला. तो मांडला डॉ. मुखर्जी यांनीच. फादर जेरोम यांनीही या धोरणाला पाठिंबा दिला. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, चोहीकडे संशयाचे वातावरण होते. अशा वेळी हातातले संरक्षण सोडायचे आणि शेजाऱ्याच्या सद्‌भावनेवर भरवसा ठेवायचा, याला धैर्य लागते. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेल्याशिवाय पीक येत नाही, ही प्रभूची शिकवण आपण दरवर्षी ऐकतो. ती त्या दिवशी राजकारणात उतरली, असे मला वाटते.

एक दुखरी बाब

मात्र या त्यागाचे केवळ गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुशिक्षित, सुस्थित ख्रिस्ती माणसाला राखीव जागा सोडणे परवडणारे होते. गावकुसाबाहेरच्या दलित ख्रिस्ती बांधवाचे काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध बांधव आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. आणि ज्या जातिभेदामुळे हा दर्जा द्यावा लागतो, तो काही ठिकाणी आपल्या चर्चच्या बाकांपर्यंत, दफनभूमीपर्यंत पोहोचला होता. बलवानांनी केलेल्या त्यागाची किंमत दुर्बलांनी मोजली, तर तो त्याग अपुरा राहतो.

ख्रिस्तसभेची शिकवण

धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले. आपली राज्यघटना त्याआधी पंधरा वर्षे अमलात आली होती. सत्य सक्तीने स्वीकारले जात नाही, ते विवेकबुद्धीला पटावे लागते. हे जो मानतो, त्याला स्वतःइतकेच शेजाऱ्याचे स्वातंत्र्यही जपावे लागते.

तेव्हा त्या मुलाला मी आता असे सांगेन: बाळा, आपण तेथे होतो. आपण सर्वांसाठी स्वातंत्र्य मागितले आणि स्वतःसाठी राखलेली जागा सोडली. पायातला दगड वरून दिसत नाही, पण भिंत त्याच्यावरच उभी असते. त्या पायावरचे उरलेले बांधकाम आता तुझ्या हाती आहे.

कुटुंबात व लघु ख्रिस्ती समूहात चिंतनासाठी

१. मतदान करताना मी केवळ आपल्या समाजाचा विचार करतो, की सर्वांच्या हिताचा?

२. माझ्या शेजाऱ्याच्या धर्मस्वातंत्र्यावर गदा आली, तर मी बोलेन का?

३. आपल्या धर्मग्रामात कोणाला अजूनही मागच्या बाकावर बसल्यासारखे वाटते? त्यासाठी मी काय करणार आहे?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू