ओळखीचं कुणी भेटलं तर?

प्रश्न : वय ३८. साखर कारखान्यात नोकरी, थोडी शेती. रोज पितो, आता सुटावी असं मनापासून वाटतं. ए.ए.च्या सभेला जा असं एकानं सुचवलं. तिथं नेमकं काय करतात? नाव लिहून घेतात का? आणि ओळखीचं कुणी भेटलं तर? आमच्याकडं कुठलीही गोष्ट दिवस मावळायच्या आत गावभर होते.
— एक वाचक, राहुरी तालुका

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेकांचं पाऊल तिथंच अडतं. ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही दारू सोडायलाच आलेला असणार. तुमची गोष्ट त्याच्याकडं राहील, त्याची तुमच्याकडं. सभेत ऐकलेलं आणि सभेत दिसलेलं बाहेर बोलायचं नाही, हा तिथला पहिला दंडक. तरीही मन धजत नसेल तर दुसऱ्या तालुक्यातली, नाहीतर सरळ पुण्यातली सभा गाठा. कुठल्याही गावच्या माणसानं कुठल्याही सभेत बसावं, कुणी आधारकार्ड मागत नाही. नाव सांगायचं तर नुसतं पहिलं, तेही वाटलं तर. फी नाही. शेवटी खर्चासाठी पिशवी फिरते, नव्यानं आलेल्यानं त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही.

गावाच्या नजरेची तुमची भीती मला पटते. आपल्या जिल्ह्यात दारूचा विषय निघाला की पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आठवतंच. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले, पुढं दारूच्या भट्ट्या उठल्या, आणि ताकीद देऊनही पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं जाई, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. भट्ट्या उठवायला गावाचा धाक कामी आला, हे मान्य. पण व्यसन जडलेल्या माणसाला चारचौघांत मारणं मला मान्य नाही. त्यानं तो लपून प्यायला शिकतो, आणि लपून पिणाऱ्यापर्यंत मदत पोचत नाही.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. तिची सुरुवात ऐकली तर तुमची निम्मी धास्ती जाईल. मे १९३५. अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाच्या माणसाचा धंद्याचा व्यवहार फिसकटला होता. काही महिन्यांपासून त्यानं दारू सोडली होती, पण हॉटेलात एकटा असताना बारकडं पाय ओढू लागले. त्यानं पाद्र्यांना फोन लावले : मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघं तासन्‌तास बोलले. १० जून १९३५ हा डॉक्टरांचा शेवटच्या पेल्याचा दिवस, आणि तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. बिलनं फोन केला तो स्वतःला वाचवण्यासाठी. म्हणून सभेत जुनी माणसं नव्याला पुढं बोलावून बसवतात, चहा देतात, निघताना फोन नंबर देतात. तुमच्या येण्यानं त्यांचाही आजचा दिवस कोरडा जातो. तुम्ही कुणावर भार टाकायला चाललेला नाही.

सभा तासा-दीड तासाची. एक जण सूत्रं सांभाळतो, थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपलं सांगतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ले देत नाही. तुम्ही गप्प बसलात तरी चालतं. सदस्य व्हायला एकच अट आहे : दारू थांबवण्याची इच्छा. शेवटी प्रार्थना होते. देव न मानणारेही तिथं बसतात.

पत्ता कसा मिळवायचा? ए.ए.चं देशाचं कार्यालय मुंबईत आहे; त्यांच्या हेल्पलाइनवर तालुका सांगा, आणि जवळची सभा कुठं, कोणत्या वारी, किती वाजता, मराठीत असते का, एवढं विचारा. वार आणि जागा बदलतात, तेव्हा निघायच्या दिवशी पुन्हा फोन करा. सरकारची १४४४६ ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रालाही विचारता येईल. दाखल होऊन उपचार घ्यायचे असतील तर तेही तिथं होतात.

एक गोष्ट मात्र सभेच्याही आधी करा. तुम्ही रोज पिता, म्हणून एका झटक्यात बंद करू नका. अशा वेळी पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भ्रम होतो, जिवावरही बेततं. आधी सिव्हिलमध्ये किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडं जाऊन रोज किती पिता ते खरं खरं सांगा. औषधं आणि सभा दोन्ही एकत्र चालतात. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यासांचा, १०,५६५ माणसांचा आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर रूढ उपचारांपेक्षा सरस दिसले.

घरच्यांना हे पत्र दाखवलंत तर त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘न कळत दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिराती वाचून चहातून, भाजीतून औषध देऊ नका. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो, आणि त्याला कशानं होतंय तेच ठाऊक नसतं. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. तुम्ही अजून प्यायचं थांबवलं नसलं तरी तुमच्या बायकोला तिथं आजपासून जाता येईल.