लाकडी जिना-रेलिंग दुरुस्तीचा व्यवसाय: आधी तपासणी, मग मजबुती, शेवटी चमक



अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन. हा सगळा पट्टा डोळ्यांसमोर आणा. वाडीतली जुनी कौलारू घरं, माळ्यावर जाणारा साग नाहीतर फणसाच्या लाकडाचा जिना. यातल्या कितीतरी घरांत आता होमस्टे चालतात. शिवाय मुंबईकरांचे वीकेंड बंगले आहेतच. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि गाडी बोटीत घालून येणं सोपं झालं. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, कौलं-पत्रे उडाले, घरांत पाणी शिरलं. आत मुरलेलं पाणी लाकूड हळूहळू खातं.

नवा जिना करणारा सुतार मिळतो, पॉलिशवालाही मिळतो. पण जुना जिना तपासून, दुरुस्त करून, पॉलिश करून "माझी जबाबदारी" म्हणणारा माणूस शोधावा लागतो. तो माणूस तुम्ही व्हा. फक्त एक नियम पाळा: जिना बघितल्याशिवाय दर सांगायचा नाही.

फोनवरचा दर का बुडवतो?

समजा, गिऱ्हाईक म्हणालं, "१४ पायऱ्या आहेत, नुसतं पॉलिश करायचंय." तुम्ही पायरीला १,००० रुपये, रेलिंगसकट १४,००० सांगून मोकळे झालात. घासायला घेतल्यावर कळलं की खालच्या दोन पायऱ्या कुजल्यात आणि कठड्याचे पाच गज हलताहेत. आता खर्च बघा (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे टाका):

- सुतार १,००० + मदतनीस ६००, सहा दिवस: ९,६००
- लाकूड, स्क्रू, फेविकॉल, पॉलिश पेपर, पॉलिश: ७,६००
- टेम्पो, ने-आण: ८००
- एकूण: १८,०००

म्हणजे खिशातले ४,००० गेले आणि तुमची मेहनत फुकट. हाच जिना आधी बघितला असता तर १८,००० वर लपलेल्या कामासाठी १० टक्के धरून १९,८०० झाले असते. त्यावर २० टक्के नफा म्हणजे २३,७६० चं कोटेशन. तपासणीचे ५०० रुपये घ्या आणि काम मिळालं तर बिलातून वजा करा. जो ५०० द्यायला तयार नाही, तो पुढचे २३,००० कसे देईल, याचा अंदाज तिथेच येतो.

तपासणी कशी करायची?

१. खालून सुरुवात करा. सगळ्यात खालची पायरी लादीला टेकलेली असते आणि रोज फरशी पुसताना ओली होते. स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय.

२. टोकं बघा. लाकूड पाणी पितं ते कापलेल्या टोकांतून. भिंतीत घुसलेली टोकं आधी तपासा.

३. टकटक करा. पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्या. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकूड पोखरणारा किडा आहे. आधी पेस्ट कंट्रोल, मग काम.

४. रेलिंगला जोर लावून बघा. त्याला आजी धरते, लहान मूल त्यावर लोंबकळतं. दोन गजांमधली फट ४ इंचांपेक्षा जास्त असेल तर गिऱ्हाइकाला तसं लिहून द्या.

५. बाजूच्या तिरक्या फळ्या. सगळा भार यांच्यावर असतो. त्याच कुजल्या असतील तर पॉलिशचं काम घेऊच नका. "हा जिना बदलावा लागेल," असं स्पष्ट सांगा. कुजकं लाकूड चकचकीत करून दिलं आणि कुणी पडलं, तर तुमचं नाव गावात संपलं.

मजबुती

करकरणाऱ्या पायरीखाली गोंद लावून पाचर मारा, मग स्क्रू. हलणाऱ्या गजाचा जुना गोंद खरवडून काढल्याशिवाय नवा धरत नाही. खारी हवा साध्या लोखंडी स्क्रूला गंज आणते आणि सागावर काळे डाग पाडते, म्हणून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. समुद्राला लागून घर असेल तर ३१६ ग्रेड. नवी पायरी बसवण्याआधी तिच्या टोकांना सीलर लावाच.

चमक

पेपर ८०, मग १२०, मग १८० किंवा २२०, नेहमी रेषांच्या दिशेनं. जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, चांगला मास्क वापरा, मुलांना लांब ठेवा.

लाखेचं फ्रेंच पॉलिश दिसतं सुंदर, पण पाण्यानं पांढरं पडतं. होमस्टेमधले पाहुणे समुद्रावरून ओल्या पायांनी येणार! म्हणून पायऱ्यांना मॅट पीयू द्या, म्हणजे घसरण्याची भीतीही कमी. चमक हवी तर रेलिंगला. घरात माणसं राहत असतील तर पायऱ्या एकाआड एक रंगवा, म्हणजे ये-जा थांबत नाही. जवस तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

कधी काम घ्यायचं?

पावसाळ्यात पॉलिश नको. दमट हवेत ते धुरकट होतं. जून ते सप्टेंबर तपासण्या करा, कोटेशन द्या. होमस्टेवाल्यांना दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या आधी जिना तयार हवा असतो, त्याप्रमाणे तारखा बांधा.

पैसे तीन टप्प्यांत घ्या: ४० टक्के आगाऊ, ४० टक्के दुरुस्ती झाल्यावर, २० टक्के शेवटी. दुसऱ्या टप्प्याला मालकाला स्वतः जिना चढायला लावा, रेलिंग हलवून बघू द्या, मगच पॉलिशचा डबा उघडा. नंतरचे वाद तिथेच मिटतात.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती करून टाका. तुम्ही स्वतः सुतारकाम करत असाल तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, अशी तरतूद आहे. नोंदणीची सद्यस्थिती जवळच्या सीएससी केंद्रात विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीच्या तीन घरांतले लाकडी जिने वरच्या पाच मुद्द्यांनी तपासा. प्रत्येकाचं एक पानी कोटेशन लिहा: काय बिघडलंय, काय करणार, किती दिवस, किती पैसे. या तीन घरांकडून पैसे घेऊ नका, पण पान मालकाच्या हातात द्या. पहिलं काम बहुतेक त्यातूनच येईल.