बागेतल्या आगगाडीचे एंजिन

चावी दिली की गोल रुळावर धावणारी आगगाडी तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिली असेल. युरोप-अमेरिकेत मात्र काही हौशी मंडळी आपल्या बागेत याहून पुष्कळ मोठी आगगाडी चालवतात. तिचे एंजिन हातभर लांब आणि दोन-तीन किलो वजनाचे असू शकते. रूळ बहुधा पितळेचे असतात आणि ते ऊन-पावसात उघड्यावरच पडलेले असतात. या रुळांतूनच एंजिनाला वीज मिळते.

अशा गाड्यांचा प्रसार झाला तो १९६८ नंतर. त्या वर्षी जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या लेहमान या खेळण्यांच्या कारखान्याने ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणारी गाडी बाजारात आणली. पुढे २००६ मध्ये या कारखान्याचे दिवाळे निघाले आणि २००७ मध्ये मेर्क्लिन या दुसऱ्या जर्मन कंपनीने तो व्यवसाय आपल्याकडे घेतला. त्या पहिल्या काळातील एंजिने लोक आजही चालवतात. परंतु जुन्या एंजिनाचा हवा तो भाग मिळेलच अशी खात्री नसते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला फार जपून काम करावे लागते. एका चुकीने मोटर जळाली, तर ते एंजिन कायमचे कपाटात जाऊन बसते.

हे एंजिन दुरुस्त कसे करतात आणि त्यात सुधारणा कशी करतात, ते आता पाहू. त्यासाठी लागणारे शास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे.

किती पट लहान?

लेहमानच्या एंजिनांचे प्रमाण १ : २२.५ असे धरलेले असते. मीटरगेज रुळांतील अंतर १००० मिलिमीटर. त्याला २२.५ ने भागले की ४४.४, म्हणजे जवळजवळ ४५ मिलिमीटर येतात. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ मात्र ६१० मिलिमीटर रुंद आहेत. तीच गाडी ४५ मिलिमीटरच्या रुळांवर चालवायची असेल, तर प्रमाण सुमारे १ : १३.६ घ्यावे लागेल.

लांबी २२.५ पट कमी झाली म्हणून वजन तेवढेच कमी होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही कमी होतात. त्यामुळे घनफळ २२.५ × २२.५ × २२.५, म्हणजे सुमारे ११,४०० पटींनी घटते. खरे एंजिन १२ टनांचे असेल, तर त्याच धातूची हुबेहूब प्रतिकृती जेमतेम एक किलोची होईल. एवढ्या हलक्या एंजिनाची चाके रुळाला घट्ट धरणार नाहीत. म्हणून प्रतिकृतीत मुद्दाम धातूचे ठोकळे बसवून वजन वाढवतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

बिघाड कोठे आहे?

समजा, एंजिन धक्के खात चालते किंवा जागचे हलतच नाही. नवखा माणूस लगेच मोटर खोलतो. जाणता माणूस आधी विजेचा मार्ग डोळ्यांपुढे आणतो : रूळ, चाक किंवा रुळावर घासत जाणारी पितळी पट्टी, तार, मोटरचे कार्बनचे ब्रश, कम्युटेटर, मोटरचे वेटोळे आणि तेथून परत दुसरा रूळ. या साखळीची एक कडी जरी कच्ची असली, तरी गाडी अडते.

आता एक गमतीची गोष्ट पाहा. रुळाला १८ व्होल्ट दाब दिला आहे. चाकांवर काजळी साचली आहे आणि तिचा रोध १० ओहम आहे. मोटर सोडवून, तिच्याकडे जाणाऱ्या तारांच्या टोकांना मल्टिमीटर लावला तर तो पूर्ण १८ व्होल्ट दाखवतो! कारण मल्टिमीटरमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, आणि प्रवाह नाही तर काजळीत दाबही खर्च होत नाही. आता ६ ओहम रोधाची मोटर जोडा. सुरू होण्याच्या क्षणी एकूण रोध १६ ओहम होतो. प्रवाह १८ ÷ १६, म्हणजे सुमारे १.१ अँपिअर. मोटरच्या वाट्याला येतात फक्त पावणेसात व्होल्ट. बाकीचा दाब काजळीने खाल्ला.

म्हणून नियम असा की, मोटर जोडलेली ठेवून, एंजिन चालवण्याचा प्रयत्न करतानाच दाब मोजावा. प्रथम रुळांवर, मग चाकांवर, मग मोटरच्या टोकांवर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम घसरतो, तेथेच दुखणे आहे. पुष्कळदा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने चाके, पट्ट्या आणि रूळ पुसले की एंजिन धावू लागते. त्या वेळी वीज मात्र बंद हवी, कारण स्पिरिट पेट घेते. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये. त्याने प्लॅस्टिक विरघळते.

दातांचे दुखणे

वीज ठीक असूनही गाडी दर फेऱ्याला ‘टक्‌ टक्‌’ करत अडखळत असेल, तर दोष यंत्रात असतो. मोटरच्या दांड्यावर मळसूत्रासारखा वर्म असतो. तो आसावरील दंतचक्राला फिरवतो. प्लॅस्टिकचे दंतचक्र धातूच्या आसावर दाबून बसवलेले असते, त्यामुळे ते वर्षानुवर्षे ताणलेल्या स्थितीत राहते. अखेर एके ठिकाणी त्याला चीर पडते. चिरेपाशी दोन दातांमधील अंतर वाढते आणि वर्मचा दात तेथे नीट बसत नाही. अशी चक्रे ज्या प्लॅस्टिकची करतात, त्यावर गोंद सहसा टिकत नाही. चक्र बदलणे हाच उपाय.

वर्मचा आणखी एक गुण ध्यानात ठेवा. वर्म चक्राला फिरवू शकतो, पण चक्राला सहसा वर्म फिरवता येत नाही. म्हणून असे एंजिन हाताने रुळावर ढकलू नये. दात तुटण्याचा धोका असतो.

वाफेच्या एंजिनाच्या प्रतिकृतीत चाकांना जोडणारे दांडे असतात. खऱ्या एंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवतात. एका बाजूचा दांडा सरळ रेषेत येऊन निरुपयोगी झाला, तर त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचा दांडा पूर्ण जोर लावत असतो. प्रतिकृतीतील एखादे चाक आसावर किंचित फिरले की हा कोन बिघडतो आणि दांडे अडकतात. कोन सर्व आसांवर सारखाच आहे ना, हे आधी तपासावे.

मोटर अडकली तर काय होते?

मोटर फिरते तेव्हा ती स्वतःच थोडी जनित्रासारखी वागते आणि दिलेल्या दाबाविरुद्ध उलटा दाब निर्माण करते. म्हणून

प्रवाह = (दिलेला दाब − उलटा दाब) ÷ वेटोळ्याचा रोध

आपली ६ ओहमची मोटर १८ व्होल्टवर वेगाने फिरत असताना उलटा दाब १५ व्होल्ट असेल, तर प्रवाह ३ ÷ ६ = ०.५ अँपिअर. वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, ती झाली १.५ वॅट. आता मोटर अडकली असे समजा. उलटा दाब शून्य. प्रवाह १८ ÷ ६ = ३ अँपिअर. उष्णता ३ × ३ × ६ = ५४ वॅट! २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्नची उष्णता अंगठ्याएवढ्या मोटरमध्ये कोंडली जाते. काही वेळातच वेटोळ्याच्या तारेवरील लाखेचा थर जळू लागतो.

मग चांगल्या एंजिनात मोटर वाचते कशी? चाकांमुळे! ओझे फार झाले की मोटर थांबण्याआधी चाके रुळावर घसरू लागतात. मोटर फिरत राहते, उलटा दाब टिकतो आणि प्रवाह मर्यादेत राहतो. घसरणारी चाके म्हणजे एंजिनाचा फ्यूजच.

जास्त ताकद हवी?

‘माझे एंजिन चारच डबे ओढते, मला सहा ओढायचे आहेत,’ असे पुष्कळांना वाटते. सोपी युक्ती म्हणजे एंजिनात शिसे भरायचे. हिशेब करून पाहू. चालक चाकांवर ३ किलोचा भार आहे आणि चाक व रूळ यांमधील घर्षणांक ०.२ आहे असे धरा. मग चाके घसरण्यापूर्वी मिळणारी जास्तीत जास्त ओढ ०.६ किलोभार. एक किलो शिसे भरले की ती ०.८ किलोभार होते. ओढ एकतृतीयांशाने वाढली.

मोटरचा पीळ तिच्यातील प्रवाहाच्या प्रमाणात असतो. चाके घसरताना आधी १.२ अँपिअर प्रवाह लागत असेल, तर आता सुमारे १.६ अँपिअर लागेल. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढते : ८.६ वॅटवरून १५.४ वॅटवर. ओढ तेहेतीस टक्के वाढली, पण उष्णता जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी! त्यातच चाकांवर रबरी कडी चढवून घर्षणांक दुप्पट केला, तर चाके घसरायला ३.२ अँपिअर लागतील. मोटर तर ३ अँपिअरलाच थांबते. म्हणजे आता चाके कधीच घसरणार नाहीत; मोटर अडकेल आणि जळेल. फ्यूज काढून तेथे जाड तार बसवावी, तसाच हा प्रकार झाला.

सुधारणेचा पहिला धडा हाच आहे. एक भाग बळकट केला की ताण नाहीसा होत नाही, तो पुढच्या कमकुवत भागावर जाऊन पडतो. बदल करण्याआधी तो कोणावर पडणार हे शोधा. एंजिन अडवून धरा आणि अगदी क्षणभर वीज देऊन पाहा. चाके घसरली तर ठीक. मोटर थांबली तर वजन कमी करा.

दिवे आणि बॅटरी

जुन्या एंजिनातील दिव्याच्या जागी एलईडी बसवणे ही चांगली सुधारणा आहे. १८ व्होल्टमधून एलईडीला ३ व्होल्ट हवेत आणि प्रवाह १० मिलिअँपिअर हवा. उरलेले १५ व्होल्ट रोधकात खर्च करायचे : १५ ÷ ०.०१ = १५०० ओहम. मात्र गाडी उलट चालवताना रुळांवरील दाबाची दिशा बदलते आणि बहुतेक एलईडींना ५ व्होल्टहून अधिक उलटा दाब सोसत नाही. म्हणून जोडीला एक साधा डायोड बसवतात.

रूळ पुसण्याचा कंटाळा आलेले लोक डब्यात बॅटरी ठेवून रेडिओने गाडी चालवतात. ३.६ व्होल्टचे पाच लिथियम सेल एकसरीत जोडले की १८ व्होल्ट मिळतात. ३ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी ०.७५ अँपिअर प्रवाहावर सुमारे चार तास पुरेल. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मोटरची दोन्ही टोके चाकांपासून पूर्णपणे तोडलेली आहेत ना, हे ओहममापकाने तपासावे. एखादा धागा जरी जोडलेला राहिला आणि रुळांत वीज असली, तर नवे यंत्र जळते. दुसरे म्हणजे बॅटरीजवळ फ्यूज हवाच. लिथियम सेल स्वतः सोल्डर करू नयेत. संरक्षक मंडल असलेली तयार बॅटरी घ्यावी आणि वडील माणसांच्या देखत तिच्याच चार्जरने चार्ज करावी.

करून पाहा

एवढे मोठे एंजिन तुमच्याजवळ नसले तरी त्याचे मर्म शाळेत पाहता येते. मोडक्या खेळण्यातील एक लहान मोटर, टॉर्चचा एक जुन्या पद्धतीचा बल्ब आणि दोन सेल घ्या. सर्व एकसरीत जोडा. मोटर फिरू लागली की बल्ब मंद होईल. मोटर फिरलीच नाही, तर एक सेल वाढवा. आता दांडा दोन बोटांत हळूच धरा. मोटर मंदावेल आणि बल्ब उजळेल. दांडा पूर्ण थांबवा, बल्ब सर्वांत प्रखर होईल. तो वाढलेला उजेड म्हणजेच वाढलेला प्रवाह. बल्ब नसता, तर याहून जास्त प्रवाहाने मोटरचे वेटोळे तापले असते.

विचार करा

१. वरच्या प्रयोगात बल्बाऐवजी एलईडी आणि रोधक वापरला, तर मोटर फिरेल का?
२. चढावर चाके घसरू नयेत म्हणून खऱ्या एंजिनातून रुळावर वाळू टाकतात. प्रतिकृतीत वाळू का चालणार नाही? दंतचक्रे आणि रुळांतून येणारी वीज, या दोहोंचा विचार करा.
३. तुमच्या घरातील मिक्सर अडकला तर तो ताबडतोब बंद का करावा? वरचे सूत्र वापरून उत्तर लिहा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.