उत्तराबरोबर वाटही मागा

एम.ए.च्या मुलांना मी संख्याशास्त्र आणि अर्थमिती शिकवते. आकडेमोड त्यांना येते. ती दुसऱ्याला तपासता येईल अशी ठेवायची असते, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते शिकवताना पटलेल्या या काही गोष्टी.

१. प्रकल्पाचे निम्मे गुण फोल्डरला द्यावेत. त्यात मूळ आकडे, कोड आणि कोणती फाइल आधी चालवायची हे सांगणारं एक पान असावं. तो फोल्डर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर चालला पाहिजे. "मॅडम, माझ्याकडे चालतंय" हे उत्तर मी स्वीकारत नाही. अडतं ते बहुधा साध्याच गोष्टींवर: कोडमध्ये स्वतःच्या डेस्कटॉपचा पत्ता असतो, नाहीतर यादृच्छिक नमुना काढण्याआधी सीड ठरवलेलं नसतं.

२. मूळ फाइलला हात लावायचा नाही. हाताने केलेल्या दुरुस्तीचा माग राहत नाही, म्हणून प्रत्येक दुरुस्ती कोडमधूनच करायची. एक्सेल तर न विचारताही बदल करतं. 'मार्च१', 'सेप्ट२' अशा जनुकांच्या नावांच्या त्याने इतक्या शोधनिबंधांत तारखा करून टाकल्या, की २०२० साली शास्त्रज्ञांनी त्या जनुकांची नावंच बदलली.

३. छापून आलेला निबंध मुलांना पुन्हा करायला द्यावा. हा माझा सगळ्यात आवडता गृहपाठ, आणि तो देताना मी टॉमस हर्नडनची गोष्ट सांगते. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असं राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली मांडलं. सरकारी खर्चकपातीच्या समर्थनासाठी ते आकडे जगभर वापरले गेले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या हर्नडनने वर्गातला गृहपाठ म्हणून ते आकडे पुन्हा काढायला घेतले. ते जुळेनात. त्याने मागितल्यावर लेखकांनी आपली एक्सेल फाइल पाठवली, आणि याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. पण त्या चुकीने पडलेला फरक लहान होता. मोठा फरक पडला तो काही वर्षं वगळण्याने आणि देशांना भार देण्याच्या पद्धतीने. २०१३ साली हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी नवा हिशेब मांडला, तेव्हा उणे ०.१ टक्क्याच्या जागी २.२ टक्के वाढ निघाली. म्हणून मुलांना मी सांगते: चूक शोधाच, पण लेखकाने घेतलेले निर्णय आधी शोधा. आणि तुमचे स्वतःचे लिहून ठेवा, फसलेल्या मॉडेलांसकट.

४. आपल्याकडचीच सामग्री वापरावी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे घराघराचे आकडे मिळतात. त्याच्या अनेक जुन्या फेऱ्यांत भारांक काढताना दिलेल्या गुणकाला कुठे १००ने, कुठे २००ने भागावं लागतं. ते का, हे मुलं विचारतात आणि महालनोबीसांपर्यंत पोचतात. एकाच सर्वेक्षणात दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे आणि दोन्हींचे अंदाज ताडून पाहायचे, ही त्यांची पद्धत. पडताळणीची सोय सर्वेक्षणाच्या रचनेतच केलेली होती. एवढी थोर परंपरा घरात असताना आपल्या अभ्यासक्रमात तिचा उल्लेख ओळीपुरता येतो, याचं मला वाईट वाटतं.

५. खुलेपणालाही मर्यादा असते. गावात फिरून भरलेल्या प्रश्नावलीतली नावं, फोन नंबर आणि घराचा ठावठिकाणा काढल्याशिवाय फाइल कोणालाही द्यायची नाही. लहान गावात जात, वय आणि धंदा एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

६. सहकाऱ्यांना एक विनंती. येत्या सत्रात असा एक तरी गृहपाठ द्या. आणि मुलांना तपासायला पहिला निबंध तुमचा स्वतःचा द्या, कोड आणि आकड्यांसकट.