नागरिकत्व स्वर्गात, मग ग्रामसभेत कशाला?



आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, असे संत पौल फिलिप्पीकरांना लिहितो (३:२०). हे ऐकून कोणी म्हणेल, मग गावच्या भानगडीत आपण कशाला पडायचे? पण हे पत्र कोणाला गेले ते पाहा. फिलिप्पी ही रोमी वसाहत. रोम शेकडो मैल दूर, तरी तेथील लोक रोमी रीतीने वागत आणि त्याचा अभिमान बाळगत.

याच शहरात पौल व सीला यांना चौकशीविना छड्या मारून तुरुंगात टाकले होते (प्रेषितांची कृत्ये १६). सकाळी निरोप आला, गुपचूप निघून जा. पौल अडून बसला. आम्ही रोमी नागरिक आहोत, ज्यांनी मारले त्यांनीच येऊन आम्हाला बाहेर न्यावे! अधिकारी घाबरले, आले आणि विनवू लागले. मला वाटते, पौलाला स्वतःच्या मानाची फारशी पर्वा नव्हती. मागे राहणाऱ्या लुदियाला आणि नव्या श्रद्धावंतांना पुढे कोणी सहज हात लावू नये, ही काळजी मोठी होती.

वसईत १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी हरित वसई संरक्षण समितीतून पाणी, जमीन व हिरवाईसाठी लढा दिला. त्यात सर्व धर्मांचे लोक होते.

बोदलकशातही मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे. घरकुलाच्या यादीतून एखाद्या निराधार विधवेचे नाव सुटले, तर तेथे उभे राहून कोण विचारणार?